लाल डोंगर, काळे ठिपके

झाडं लाल दिसतात, हे लोकांना पटवून देण्यात माझी नोकरीतली पहिली दोन वर्षं गेली. उपग्रहाच्या चित्रात हिरवळ लाल रंगात छापायची पद्धत असते. झाडी जितकी दाट तितका लाल गडद. का, ते शास्त्र इथे सांगत बसत नाही, तेव्हाच सांगून सांगून तोंड दुखलं होतं. सासरच्या एका लग्नात एका काकांनी विचारलं, "तू करतेस काय नक्की?" म्हटलं, "वरून काढलेल्या फोटोवरून डोंगरावरची झाडी किती कमी झाली ते बघते." "मग सोपंय की," ते म्हणाले आणि जिलबी घ्यायला गेले.

सोपंय म्हणे. डोकं फिरायचं माझं.

बेलापूरच्या एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खासगी, छोटं, आठ-नऊ माणसांचं. मी मूळची सोलापूरकडची, लग्न होऊन नेरूळला आलेली. भूगोलात एम. ए. केलं होतं आणि वर ही चित्रं वाचायचा कोर्स. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. एका सरकारी खात्याने आम्हाला काम दिलं होतं: शहरामागच्या डोंगरांवरची झाडी कुठे कुठे कमी होतेय ते नकाशावर दाखवा. आता हा प्रश्न बेलापूरच्या कुठल्याही चहावाल्याला विचारला असता तरी त्याने मान न वळवता उत्तर दिलं असतं. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडायचे, ऑफिसच्या काचा थरथरायच्या. माझ्या घरातले पडदे धुतल्यावर बादलीत दगडाची राखाडी पूड बसायची. अख्खं नवं शहर त्याच दगडातून उभं राहत होतं. माझा फ्लॅटसुद्धा त्यातूनच आला होता, उगाच साळसूदपणा कशाला!

पण उत्तर चित्रातून यायला हवं होतं. पद्धत अशी की एक जुनं चित्र घ्यायचं, एक नवं. खालून दिवे असलेल्या काचेच्या टेबलावर ते अंथरायचं, वर पारदर्शक फिल्म लावायची आणि भिंग डोळ्याला लावून पेन्सिलीने एकेका रंगाच्या कडा काढायच्या. मग दोन फिल्म एकमेकींवर ठेवून पाहायचं, कुठे लाल होतं आणि आता नाही. मी पेन्सिलीने काढलेल्या रेघांवर आमचे ड्राफ्ट्समन शाई चढवायचे. ते खाडीकाठच्या गावातले, पन्नाशीचे, हात असा स्थिर की बघत राहावं. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे.

या कामाचे दोन नियम कोर्सच्या पहिल्या आठवड्यात घोटून घेतलेले असतात. दोन्ही चित्रं एकाच महिन्यातली हवीत, कारण डोंगर डिसेंबरात वेगळा दिसतो आणि एप्रिलात वेगळा. आणि टेबलावर जे दिसलं ते जागेवर जाऊन, पायांनी चालून तपासल्याशिवाय लिहायचं नाही. आमच्याकडे दोन्ही नियमांची वाट लागली. जुनं चित्र डिसेंबरचं होतं. नवंही डिसेंबरचं मागवलं, आलं एप्रिलचं. बदलून घ्यायचं तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा काही महिने. साहेब म्हणाले, "डोंगर तोच आहे ना? मग घ्या चालवून."

साहेब म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. माणूस हुशार, इंग्रजी फाडफाड, पण घाई अशी की पाठीमागे वाघ लागलाय. नकाशांचं कपाट त्यांच्या कुलपात. किनाऱ्याजवळच्या भागाचे मोठे नकाशे त्या काळी गोपनीय असायचे. खिडकीतून जो डोंगर मी रोज फुकट बघत होते, त्याच डोंगराचा नकाशा बघायला मला किल्लीसाठी चार-चार दिवस थांबावं लागायचं, कारण साहेब दौऱ्यावर. हसावं की रडावं?

जागेवर जायला गाडी मागितली तर म्हणाले, "उपग्रहाने वरून सगळं बघितलंय. तुम्ही खालून जाऊन जास्त काय बघणार?" मी तीनदा मागितली. चौथ्यांदा मागितली नाही. रविवारी स्वतः उठून जाऊ शकले असते, डोंगर काही चंद्रावर नव्हता. पण आठवड्याचे कपडे, बाजार, पाहुणे, नाही गेले. हे मी आजही साहेबांच्या नावावर ढकलू शकत नाही.

तर चित्रात काय दिसलं? शहराच्या बाजूच्या उतारावर खाणी, पांढुरक्या निळ्या, आधीपेक्षा मोठ्या झालेल्या. ते अपेक्षितच होतं. पण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जिकडे शहर नाही, रस्ता नाही, तिथे काळे ठिपके. एखाददुसरा नाही, अख्ख्या उतारावर विखुरलेले. एकेक ठिपका आमच्या बिल्डिंगच्या आवाराएवढा, काही त्याहून मोठे. जुन्या चित्रात एकही नाही. एप्रिलात पानगळीने डोंगर फिका पडतो हे मी हिशेबात धरलं होतं. जे नुसतं फिकं होतं ते सगळं सोडून दिलं. पण हे फिकं नव्हतं, हे जळलेलं होतं. आजूबाजूच्या झाडांचा लालही गेलेला. मी भिंग लावून दोन दिवस बघितलं आणि फिल्मवर लिहिलं: वृक्षतोड व जाळपोळ.

भाऊंनी त्यावर शाई भरली. एकेक ठिपका इतका सुबक भरला की साहेबांनी खात्यासमोर भाषण करताना त्याच नकाशावर काठी ठेवली. खाणींवर मिनिटभर बोलले, ठिपक्यांवर वीस मिनिटं. खाणी सगळ्यांना माहीत होत्या, ठिपके हा शोध होता ना! मीही त्या दिवशी नवी साडी नेसून गेले होते. टाळ्या पडल्या तेव्हा बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

दोन-अडीच महिन्यांनी, फेब्रुवारीत, जेवणाच्या सुट्टीत भाऊ डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. एरवी ते कोपऱ्यात बसायचे.

"मॅडम, वरच्या पाड्याला नोटिसा लागल्यात," ते म्हणाले. "दळी सोडा म्हनून."

डोंगरउतारावरच्या ज्या तुकड्यांवर तिथली आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी पिकवतात, त्यांना तिकडे दळी म्हणतात. हे मला त्या दिवशी कळलं. नोटिशीत लिहिलं होतं की तुम्ही जंगल तोडून जाळलं आहे, पुन्हा जाळलेलं आढळलं तर जमीन काढून घेऊ. सोबत आमचा नकाशा जोडलेला.

"पण त्यांनी तोडलंय ना?" मी म्हटलं.

भाऊंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मॅडम, तुमी काले ठिपके काढलेत ना, ते राब हायेत."

"राब म्हणजे?"

भात म्हणजे काय असं कुणी विचारावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग सांगायला लागले. पावसाच्या आधी झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या. जमिनीवर पसरून वर पाला, शेण, थोडी माती टाकायची आणि भाजायचं. त्या राखेत बी पेरायचं, रोप जोमाने येतं. "आमी खाली भातासाठी करतो, ते वर नाचनीसाठी करतात. माझ्या बापानं जनमभर केला."

"आणि झाडं?"

"झाड कोन मारतो? फांद्या काढायच्या फक्त. पावसात परत फुटतं. झाड मेलं तं फुडच्या साली राब कशाचा करनार?"

मी डबा बाजूला सारला. मग आला तो राग, आणि तोही आधी त्यांच्यावरच. "भाऊ, तुम्ही स्वतः शाई भरलीत! एकदा तरी बोलायचं!"

"तुमी मार्क केला, मी भरला," ते शांतपणे म्हणाले. "ड्राफ्ट्समनला कोन विचारतो, मॅडम?"

खरंच होतं. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात भाऊंना पेनाचं निब आणि शाई सोडून कुणीही काहीही विचारलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेला माणूस माझ्यापासून दहा फुटांवर बसत होता आणि मी गाडी मिळत नाही म्हणून रडत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्या रविवारी भाऊ मला वर घेऊन गेले. रिक्षाने पायथा गाठला, पुढे तासभर चढ. वीसेक घरांचा पाडा. भाऊंच्या ओळखीची एक म्हातारी होती, दरवर्षी त्यांच्या शेतावर लावणीला यायची. तिने नोटीस दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वाशाला खोचून ठेवली होती. वाचता येत नव्हती, पण भिजू द्यायची नव्हती.

तिने मला उतारावर नेलं. छाटलेली ऐनाची झाडं उभी होती, बोडकी, पण बुंध्याला नख लावलं की ओली हिरवी. शेजारी फांद्यांचे ढीग वाळून तयार. पाला टाकलेला, शेण आणून ठेवलेलं. नुसती काडी लावायची बाकी. बावीस-तेवीस महिने मी ज्या डोंगराकडे भिंगातून बघत होते, त्यावर उभं राहून मला पहिल्यांदा तो दिसला, आणि लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता भाजू का नको?" म्हातारीने विचारलं. "नाय भाजला तं रोप नाय. रोप नाय तं वरीसभर खायाचं काय?"

पाड्यातली सात-आठ माणसं भोवती येऊन उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी शहरातली, कागदवाली, मला कळणार असं त्यांना वाटलं असावं. नकाशा मीच काढला होता हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. "ऑफिसची चूक झालीय," एवढंच म्हटलं. आणि पुढे म्हटलं, "थांबा जरा. आत्ता भाजलंत तर ते पुन्हा तुमच्याच अंगावर येईल. पंधरा दिवसांत मी दुरुस्तीचा कागद घेऊन येते, मग बिनधास्त भाजा."

म्हातारी बरं म्हणाली.

सोमवारी साहेबांसमोर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणाले, "रिपोर्ट स्वीकारला गेलाय. आता आपण स्वतःहून जाऊन आम्ही चुकलो म्हणायचं? उद्या कोण काम देईल आपल्याला?"

"सर, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय आपण."

"तुम्ही भावनिक होताय."

भावनिक! मी एक पान दुरुस्ती लिहून दिली. ठिपके म्हणजे जंगलतोड नव्हे, पेरणीची जुनी रीत आहे, झाडं जिवंत आहेत, राब एप्रिलात दिसतो, डिसेंबरपर्यंत पुसला जातो, आणि चित्रं वेगवेगळ्या महिन्यांची असल्यामुळे माझ्याकडून चूक झाली. सरळ, स्वच्छ मराठीत. साहेबांनी ते पान आठवडाभर ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा त्यात एकच वाक्य उरलं होतं: काही ठिकाणी पारंपरिक शेतीपद्धतीचा परिणाम संभवतो. संभवतो! मी ते घेऊन स्वतः खात्यात गेले. तिथले अधिकारी सभ्य होते, त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "मॅडम, नोटीस चित्रावरून निघालीय, ती चित्रावरूनच मागे घेता येईल. नवीन चित्र आणा." मी म्हटलं, "चित्र कशाला, चला ना माझ्याबरोबर, तासाभराचा चढ आहे." ते हसले. तो त्यांचा विभाग नव्हता.

नवीन चित्र मागवलं. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन. रोज टपाल बघायचे. भाऊंबरोबर वर निरोप पाठवला, अजून थोडं थांबा. मग पुन्हा एकदा पाठवला, होईलच आता. तिसऱ्यांदा भाऊ म्हणाले, "मॅडम, मे सरत आला." मी त्यांच्यावरच वसकले, "मला कळत नाही का?" कळत होतं. पण थांबा म्हणाले होते ना, आता थांबू नका कसं म्हणायचं? आणि त्यांनी काडी लावली आणि खात्याचा माणूस वर पोचला तर? असले विचार करत बसले. जूनमध्ये पाऊस लागला, वाळलेले ढीग भिजले आणि विषय संपला. नाचणी-वरी झाली नाही. पावसाळाभर मी वर गेले नाही. तोंड कुठलं होतं मला!

चित्र आलं दिवाळीनंतर. काढलेलं, पाडा थांबून होता त्याच एप्रिलमधलं, पोचायला एवढे महिने. मी ते टेबलावर अंथरलं. डोंगराची पलीकडची बाजू स्वच्छ होती. एकही काळा ठिपका नाही.

साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "बघा," ते म्हणाले, "तुम्ही उगाच त्रागा करत होता. रिपोर्टचा परिणाम आहे हा. लिहा: मागील अहवालानंतर झालेल्या कारवाईमुळे झाडीचा ऱ्हास थांबला असून परिस्थितीत सुधारणा आहे."

"सर, ही सुधारणा नाहीये. त्यांनी पेरलंच नाही."

"चित्रात पेरणी दिसतेय का तुम्हाला?"

"आणि ही खाण? माझ्या गेल्या वर्षीच्या रेघेच्या बाहेर गेलीय ती."

"खाणीला परवानगी आहे," साहेब म्हणाले. "परवानगी असते तिथे झाडी कमी होत नाही, जमिनीचा वापर बदलतो. रकाना वेगळा आहे तो."

मी पेन्सिल टेबलावर आपटली आणि ते वाक्य लिहायला नकार दिला. असं काही तोपर्यंत कधी केलं नव्हतं. तडातडा बोलले, इतकं की बाहेरचे टाईपरायटर थांबले. काही उपयोग झाला नाही. साहेबांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं आणि चित्र वाचणारी म्हणून खाली माझं नाव टाकून रिपोर्ट पाठवला. राजीनामा द्यायला हवा होता. दिला नाही, तेव्हा नाही दिला.

फेब्रुवारीत मी एकटीच वर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, हातात कागदही नव्हता. दुपारचं पाड्यात फारसं कुणी दिसलं नाही. म्हातारी अंगणात बसून दगडावर कोयती घासत होती. तिने मला ओळखलं, पाण्याचा तांब्या दिला. पाण्यासोबत गूळ नव्हता म्हणून स्वतःच ओशाळली. मी विचारलं, घरातले कुठे? मुलगा आणि सून खाणीवर जातात, म्हणाली, पाऊस उघडल्यापासून. अर्धा पाडा तिकडेच असतो. सकाळी अंधारात उतरतात, दगड फोडतात. नोटिशीचं पुढे काही झालं नव्हतं, ती तशीच वाशाला होती.

मला बसवेना. म्हटलं, "आजी, एक सांगायचंय. ते काळे ठिपके मीच काढले होते. ऑफिसने नाही. मी."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमचा भाऊ पहिल्याच येली बोलला व्हता."

पहिल्याच वेळी. म्हणजे मी कोण हे ठाऊक असूनही ती माझ्या शब्दावर थांबली होती. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला. रडायचा हक्क माझा नव्हता.

उतारावर ऐनाला गेल्या छाटणीनंतरच्या नव्या फांद्या आल्या होत्या, माणसाच्या उंचीच्या. त्यातल्या थोड्या तिने एकटीने छाटल्या होत्या. एकच ढीग, छोटा.

"औंदा भाजू का?" तिने विचारलं.

"भाजा," मी म्हटलं. "थांबू नका. कुणालाच विचारू नका. मलासुद्धा नाही."

तिने कोयतीच्या धारेवरून अंगठा फिरवून बघितला आणि पुन्हा घासायला लागली.

"येवढंच गेल्या साली बोलली असतीस तं, बाय," ती म्हणाली, "पोरं खानीवर गेली नसती."